सुकतीची वेळ

कॅलिपर काढून ठेवलेत सारसोळ्याच्या जेट्टीवर,
बूट त्यांना तसेच अडकलेले.
दुरून वाटतं, मीच तिथे उभी आहे
गुडघ्यापर्यंत.
उरलेली कुठेतरी गेली आहे.

होडीत उतरवायला झोळी आहे, कप्पी आहे.
हिराजी नाखवा म्हणाले, हिच्यातून म्हावऱ्याच्या टोपल्या चढायच्या,
आता माणसं उतरतात.
क्षणभर लटकले पाण्यावर.
पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा
पायांखाली काहीच नव्हतं
आणि पडायची भीतीही नव्हती.

होडीच्या बुडाला शिसं आहे. कलते, पण उलटत नाही.
कलायची मला सवय आहे.
डावीकडे. शाळेपासून.

सुकाणू इरफान मुल्लाकडे. त्याला दिसत नाही.
तुर्भ्याच्या मसाला बाजारात टेलिफोनवर बसतो,
गल्ल्या वासावरून ओळखतो:
धने, मग हळद, मग जावित्री आली की डावीकडे वळायचं.
इथे तो वाऱ्याला कान देतो,
आधी एक, मग दुसरा,
दोन्हींत वारा सारखा भरला की म्हणतो,
"हां, आता अगदी नाकासमोरून,"
आणि सुकाणू किंचित रेटतो.
शीड फडफडायचं थांबतं, पोट काढतं.

दोर माझ्याकडे.
माझे दंड बघून नाखवा म्हणाले,
"ही तालीम कंची गो बाय?"
म्हटलं, कुबड्यांची. फी नाही.

खारफुटीपलीकडे फ्लेमिंगो होते,
शेकडो, एका पायावर झोपलेले.
इरफानला सांगितलं.
"एका पायावर? आणि लोक तिकीट काढून बघायला जातात?"
बराच वेळ हसत होता.
होडी हलत होती त्याच्या हसण्याने.

त्या हसण्यातच असेल, नाखव्यांचं गणित चुकलं.
सुकती लागली होती.
आधी एक खरखर, मग काहीच नाही.
गाळात बसलो.
होडी कलून राहिली, माझ्याच बाजूला.
समोर पामबीच रोडवर गाड्या धावत होत्या,
हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ,
आणि मध्ये फक्त चिखल.

ओजस आमच्या मदतीला आलेला, मॅरेथॉन पळणारा.
"मी ढकलतो," म्हणाला, उतरला,
आणि मांड्यांपर्यंत गेला.
जितका पाय उपसे तितका आत.
त्याचा चेहरा मी ओळखला.
जिन्याखाली उभी असताना
माझा असाच होत असणार.

मी एक हात धरला, इरफानने चाचपून दुसरा.
ओढला आत, एका बुटासकट.
दुसरा अजून खाडीत आहे.

मग कुणीच काही करण्यासारखं नव्हतं.
चार माणसं, आठ पाय,
एकही चालत नव्हता.
चालत होती फक्त निवटी,
मासा असून,
चिखलावर पर टेकत टेकत,
थांबून आमच्याकडे डोळे वटारत.

साडेचार तास.
इरफानच्या डब्यातली खिचडी चौघांत.
नाखव्यांनी त्यांच्या बायकोची एक गोष्ट सांगितली, अर्धीच.
मला लघवीला लागली होती, त्याचं काय केलं
ते या कवितेत नको.
ऊन तोंडावर. ओजस गप्प,
चिखल वाळून त्याचे पाय पांढरे पडलेले,
मधूनच तो त्यांना हात लावून बघायचा.

पाणी परत आलं ते इरफानला आधी कळलं.
"शू," म्हणाला. "ऐका."
आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं.
मग खारफुटीच्या मुळांत बुडबुडे,
मग होडीने अंग सोडलं
झोपेतून उठल्यासारखं.

जेट्टीवर कॅलिपर तापले होते.
फुंकर घालत पट्टे बांधले.
ओजस समोर आला, एका पायात बूट.
रोज तो सरळ काखेत हात घालून उचलतो मला,
पोतं उचलावं तसा, प्रेमानेच.
आज थांबला.
"कुठे धरू?" म्हणाला.

कोपराच्या वर, सांगितलं.
नुसता धर.
जोर माझा.